सिरियम क्लोराइड

सिरियम क्लोराइड : (सिरस क्लोराइड). विरल मृत्तिका गटातील सिरियम या धातूचे एक महत्त्वाचे लवण. त्यात सिरियमाच्या एका अणूमागे क्लोरिनाचे तीन अणू असतात. निर्जल लवण पांढरे व स्फटिकी असून त्याचा रेणुभार २४६.४८ आहे. ते हवेतील बाष्प झपाट्याने शोषून घेते. बाजारात सामान्यतः मिळणारे लवण सजल असते. त्यात सिरियमाच्या प्रत्येक अणूमागे पाण्याचे सात रेणू स्फटिकजल म्हणून असतात व त्याचा रेणुभार ३७२.५८ असतो. म्हणजेच अशा एक किग्रॅ. लवणात सुमारे ३४० ग्रॅ. पाणीच असते.

या लवणाच्या निर्मितीत व वापरात दोन गोष्टींपासून ते अलग करणे निर्णायक ठरते. पहिली गोष्ट म्हणजे निसर्गात त्याच्या सोबतीने आढळणारे किरणोत्सर्गी थोरियम आणि दुसरी म्हणजे त्याच्या स्फटिकात बसलेले पाणी. पहिले अलगीकरण साधल्यामुळे थोरियम उद्योगातील एका अडगळीच्या उपपदार्थाला बाजारपेठ मिळाली. दुसरे वरवर सोपे वाटते; पण प्रत्यक्षात ते अवघड असून या लवणाचे अनेक उपयोग त्याच्यावरच अवलंबून आहेत.

इतिहास : स्वीडनमधील बास्टनास येथील खाणीत सापडणाऱ्या एका जड खनिजाचे परीक्षण १८०३ मध्ये जर्मनीत एम्. एच्. क्लापरोट यांनी आणि स्वीडनमध्ये जे. जे. बर्झीलियस व व्हिल्हेल्म हीसिंगर यांनी स्वतंत्रपणे केले. त्यांना त्यात एक नवी ‘मृत्तिका’ आढळली. न वितळणाऱ्या व पाण्यात न विरघळणाऱ्या ऑक्साइडांना त्या काळी मृत्तिका म्हणत. १८०१ मध्ये शोध लागलेल्या सेरेस या लघुग्रहावरून बर्झीलियस यांनी मूलद्रव्याला सिरियम हे नाव दिले. ऑक्साइड अतिशय स्थिर असल्यामुळे त्यापासून धातू मिळविता येईना. बर्झीलियस यांचे शिष्य सी. जी. मोसांडर यांनी १८२०–३० या दशकात ऑक्साइडाऐवजी क्लोराइड वापरले व पोटॅशियमाने त्याचे क्षपण करून अशुद्ध धातूची पूड मिळविली. धातूकडे जाण्याची वाट क्लोराइडातून जाते, हे त्यामुळे प्रथम दिसून आले.

मोसांडर यांनीच १८३९ मध्ये तथाकथित सिरियम मृत्तिकेतून लँथॅनम आणि पुढे काही वर्षांत ‘डिडिमियम’ वेगळे केले. यावरून तोपर्यंत सिरियमाची म्हणून समजली गेलेली लवणे वस्तुतः मिश्रणे होती, हे उघड झाले. डिडिमियम हेही एक मूलद्रव्य नसून प्रासिओडिमियम व निओडिमियम यांचे मिश्रण आहे, हे १८८५ मध्ये ऑस्ट्रियन रसायनशास्त्रज्ञ कार्ल आउअर फोन व्हेल्सबाख यांनी दाखविले.

क्लोराइडाच्या संघटनाविषयीही दीर्घकाळ गैरसमज होता. सिरियमाचा सममूल्यभार सुमारे ४६ आहे, हे विश्लेषणाने कळले होते. पण संयुजा ठाऊक नसल्यामुळे अणुभार निश्चित होत नव्हता. संयुजा दोन धरून अणुभार ९२ मानीत व त्यानुसार एका सिरियम अणूस क्लोरिनाचे दोन अणू जोडलेले असावेत, असे समजत. डी. आय्. मेंडेलेव्ह यांना आपल्या आवर्त सारणीत ९२ या अणुभाराच्या अशा मूलद्रव्यासाठी योग्य जागा दिसेना. म्हणून १८७० च्या सुमारास त्यांनी संयुजा तीन व अणुभार १३८ असावा, असे सुचविले. १८७५ मध्ये हायड्लबर्ग येथे आर्. डब्ल्यू. बुन्सेन यांच्या प्रयोगशाळेत डब्ल्यू. एफ्. हिलेब्रँड व टी. एच्. नॉर्टन यांनी वितळलेल्या क्लोराइडाचे विद्युत् विच्छेदन करून सिरियम धातू सलग गोळ्यांच्या रूपात मिळविला. या धातूची विशिष्ट उष्णता मोजल्यावर मेंडेलेव्ह यांच्या अनुमानाला पुष्टी मिळाली. आज मान्य असलेला अणुभार १४०.१२ आहे.

औद्योगिक इतिहास वायुदीपाच्या जाळीपासून (मँटलपासून) सुरू होतो. आउअर फोन व्हेल्सबाख यांनी १८९१ मध्ये यशस्वी केलेल्या जाळीत सुमारे ९९ टक्के थोरियम ऑक्साइड व १ टक्का सिरियम ऑक्साइड असे. जाळीसाठी मोनॅझाइट या खनिजातून थोरियम काढीत. या खनिजात थोरियमाच्या कित्येक पट विरल मृत्तिका असल्यामुळे कारखान्यांपाशी त्यांचे ढीग साचू लागले. या अवशेषाचे क्लोराइडात रूपांतर करून व ते वितळवून विद्युत् विच्छेदन केल्यास ‘मिश्मेटल’ ही मिश्रधातू मिळते. तीत सुमारे ३० टक्के लोखंड मिसळल्यास घासताक्षणी ठिणग्या देणारा पदार्थ तयार होतो, असे त्यांना आढळले व १९०३ मध्ये त्यांनी त्याचे एकस्व (पेटंट) घेतले. सिगारेट पेटविण्याच्या लायटरमधील खडा तो हाच. विद्युत् दिव्यांमुळे वायुदीप मागे पडले, पण त्याच्या अवशेषातून उभा राहिलेला हा उद्योग टिकून राहिला.

उद्भव : ‘विरल’ हे विशेषण सिरियमाला फारसे लागू पडत नाही. भूकवचातील त्याचे प्रमाण तांब्याच्या प्रमाणाइतके आहे. मात्र त्याचे स्वतंत्र खनिज साठे नसून तो नेहमी लँथॅनम, निओडिमियम, प्रासिओडिमियम इ. भावंडांसह आढळतो. बास्टनासाइट (फ्ल्युओकार्बोनेट) व मोनॅझाइट (फॉस्फेट) ही त्याची प्रमुख खनिजे होत. चीन व अमेरिका येथील मोठ्या खाणींत बास्टनासाइटाला, तर भारतात मोनॅझाइटाला महत्त्व आहे. केरळ, तमिळनाडू, ओडिशा व आंध्र प्रदेश यांच्या किनाऱ्यांवरील वाळूत इल्मेनाइट, झिर्‌कॉन, रूटाइल यांसमवेत मोनॅझाइटाचे पिवळसर तपकिरी कण सापडतात. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील काळ्या वाळूत मुख्यतः इल्मेनाइट असून मोनॅझाइट अत्यल्प आहे. भारतीय मोनॅझाइटात विरल मृत्तिका ऑक्साइडे ५५ ते ६० टक्के व थोरियम ऑक्साइड सुमारे ९ टक्के असते. विरल मृत्तिकांतील जवळजवळ निम्मा वाटा एकट्या सिरियमाचा असतो. [→ मोनॅझाइट].

निर्मिती : मोनॅझाइटातील फॉस्फेटाचे बंध तोडणे ही निर्मितीची पहिली पायरी होय. भारतात यासाठी क्षारीय पद्धत वापरतात. बारीक दळलेले खनिज दाहक सोड्याच्या (कॉस्टिक सोड्याच्या) संहत विद्रावाबरोबर तापवितात. फॉस्फेटाचे ट्रायसोडियम फॉस्फेट होऊन ते पाण्यात उतरते व स्वच्छताद्रव्ये इत्यादींसाठी उपपदार्थ म्हणून विकले जाते. मागे थोरियम व विरल मृत्तिका यांच्या हायड्रॉक्साइडांचा लगदा उरतो.

हा लगदा धुऊन त्यावर हायड्रोक्लोरिक अम्लाची विक्रिया करतात. येथे अम्लाचे प्रमाण काटेकोरपणे सांभाळावे लागते. विद्रावाची अम्लता बेताची (पीएच मूल्य ३ ते ४ च्या दरम्यान) राखल्यास विरल मृत्तिकांची क्लोराइडे विरघळतात, पण थोरियम हायड्रॉक्साइड घनरूपातच राहते. अम्ल अधिक झाले, तर थोरियमही विरघळून क्लोराइडात मिसळते आणि कमी पडले, तर विरल मृत्तिका थोरियमाबरोबर वाया जातात. थोरियम गेले, तरी त्याच्या किरणोत्सर्गी ऱ्हासातून निर्माण झालेले रेडियम व शिसे विद्रावात राहते. बेरियम क्लोराइड व सल्फेट घालून बेरियम सल्फेटाचा साका पाडल्यास रेडियम त्याच्यासमवेत खाली बसते. शिसे सल्फाइडाच्या रूपाने काढून टाकतात. नंतर विद्राव आटवितात. पाणी पुरेसे कमी झाले, की गरम द्रव थंड होताच थिजतो व त्याचे ढेकळांसारखे किंवा पापुद्र्यांसारखे तुकडे मिळतात. ‘मिश्र विरल मृत्तिका क्लोराइड’ या नावाने विकला जाणारा माल तो हाच. त्यात विरल मृत्तिका ऑक्साइडांच्या हिशेबाने सुमारे ४५ टक्के असतात आणि उरलेला भाग मुख्यतः क्लोरीन व पाणी यांचा असतो.

मिश्र क्लोराइडातून शुद्ध सिरियम क्लोराइड काढण्यासाठी सिरियमाच्या एका वैशिष्ट्याचा फायदा घेतात. त्याच्या भावंडांची संयुजा सामान्यतः तीन एवढीच असते. सिरियम मात्र सहज चार संयुजेच्या (सेरिक) अवस्थेत जातो. मिश्र हायड्रॉक्साइडे हवेत वाळविली किंवा त्यांवर क्लोरीन सोडला, म्हणजे केवळ सिरियमाचे ऑक्सिडीकरण होते. मग विरल अम्लाने इतर हायड्रॉक्साइडे विरघळतात व पिवळे सेरिक हायड्रॉक्साइड मागे राहते. त्यावर संहत हायड्रोक्लोरिक अम्लाची विक्रिया केली असता क्लोरीन वायू बाहेर पडतो व तीन संयुजेचे सिरस क्लोराइड तयार होते. हायड्रोजन पेरॉक्साइडासारखा क्षपणकारक घातल्यास विक्रिया सुलभ होते. अतिशुद्ध माल हवा असल्यास फॉस्फरसयुक्त कार्बनी अम्लांच्या साहाय्याने विद्रावक निष्कर्षण करतात. प्रयोगशाळेत सिरियम कार्बोनेट हायड्रोक्लोरिक अम्लात विरघळवून विद्राव आटविणे ही सर्वांत सोपी रीत होय.

गुणधर्म : निर्जल सिरियम क्लोराइडाचे स्फटिक षट्कोणी प्रणालीचे असून त्यांत सिरियमाच्या प्रत्येक आयनाभोवती नऊ क्लोराइड आयन असतात. त्याची घनता ३.९७ ग्रॅ. प्रती घ. सेंमी., वितळबिंदू ८१७° से. व उकळबिंदू सुमारे १,७२७° से. आहे. ते पाण्यात अतिशय विद्राव्य असून विरघळताना उष्णता बाहेर पडते. अल्कोहॉलातही ते विरघळते. सिरस आयन दृश्य प्रकाश शोषीत नाही. त्याचे शोषण जंबुपार भागात असते. म्हणून शुद्ध लवण रंगहीन किंवा पांढरे दिसते. किंचित पिवळसर छटा दिसल्यास ती बहुधा सेरिक सिरियमाची असते.

जलीय विद्राव किंचित अम्लधर्मी असतो. त्यात क्षार घातल्यास सिरस हायड्रॉक्साइडाचा पांढरा साका पडतो व हवेत तो हळूहळू पिवळा होत जातो. ऑक्झॅलिक अम्लाने पांढरे ऑक्झॅलेट अवक्षेपित होते व ते भाजल्यावर फिकट पिवळे सिरियम ऑक्साइड मिळते. सिरियमाच्या विश्लेषणात हीच विक्रिया वापरतात. फ्ल्युओराइड व फॉस्फेट आयनांबरोबरही अविद्राव्य लवणे तयार होतात.

सिरियमाची चार संयुजेची अवस्था सर्वपरिचित असली, तरी सिरियमाचे टेट्राक्लोराइड स्थिर घनरूपात मिळत नाही. सेरिक आयन इतका प्रबळ ऑक्सिडीकारक आहे, की तो क्लोराइड आयनाचे क्लोरिनात रूपांतर करतो आणि स्वतः तीन संयुजेच्या अवस्थेत परततो. एका सेरिक आयनाभोवती सहा क्लोराइड आयन असलेली जटिल लवणे मात्र तयार करता येतात. प्रकाशाच्या साहाय्याने घडणाऱ्या काही आधुनिक विक्रियांचा आधार हाच गुण आहे.

निर्जल लवणाची समस्या : सजल लवण तापविले, की पाणी उडून जाऊन निर्जल लवण मागे राहील, अशी अपेक्षा असते. मिठासारख्या लवणांच्या बाबतीत ती खरी ठरते. येथे ठरत नाही. प्रारंभीचे बरेचसे पाणी सौम्य उष्णतेने निघून जाते. परंतु उरलेले पाणी सिरियमाच्या आयनाला घट्ट बांधलेले असते. तापमान झपाट्याने वाढविल्यास ते बाष्प होऊन जाण्याऐवजी लवणाशीच विक्रिया करते. हायड्रोजन क्लोराइड वायू बाहेर पडतो व सिरियम ऑक्सिक्लोराइड तयार होते. या क्रियेला जलीय विच्छेदन म्हणतात. ऑक्सिक्लोराइड पाण्यात विरघळत नाही व क्लोराइडाचे इष्ट गुण त्यात नसतात. एकदा ते तयार झाले, की साध्या वाळवणीने क्लोराइड परत मिळत नाही.

हे टाळण्यासाठी पाणी काढीत असताना भोवती हायड्रोजन क्लोराइडाचा पुरवठा चालू ठेवतात. वायूच्या प्रवाहात लवण हळूहळू तापविणे ही एक रीत होय. दुसऱ्या रीतीत अमोनियम क्लोराइड मिसळतात. ते तापल्यावर हायड्रोजन क्लोराइड पुरविते, सिरियमाबरोबर मधल्या टप्प्यात दुहेरी क्लोराइड बनविते व शेवटी अधिक तापमानाला संप्लवनाने (घनरूपातून थेट वायुरूपात जाऊन) निघून जाते. थायोनिल क्लोराइड हे द्रव्य पाण्याशी विक्रिया करून त्याचे वायूंत रूपांतर करीत असल्यामुळे तेही वापरतात. मोठ्या प्रमाणावर काम करताना ऑक्साइड किंवा खनिज कार्बनासह तापवून त्यावर क्लोरीन सोडतात. या रीतीत पाण्याचा प्रश्नच उद्‌भवत नाही.

प्रयोगशाळेत पुष्कळदा सजल लवण निर्वातात, ढवळत, सु. १४०° से.पर्यंत सावकाश तापवितात. अशा रीतीने मिळालेली पांढरी पूड अनेक वर्षे निर्जल समजली जात होती. १९९६ मध्ये डब्ल्यू. जे. एव्हान्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत स्फटिकरचनेच्या अभ्यासावरून दाखवून दिले, की प्रचलित पद्धतीने वाळविलेल्या या पुडीत सिरियमाच्या प्रत्येक अणूमागे पाण्याचा एक रेणू शिल्लक असू शकतो. हे संशोधन प्रसिद्ध झाले, त्या वेळी ती पूड वापरून केलेल्या यशस्वी विक्रियांची नोंद शेकड्यांनी झालेली होती. वाळवणीचा तपशील बदलला, की एकाच विक्रियेचे उत्पन्न वेगवेगळे का येते, याचा एक उलगडा त्यामुळे झाला. ‘निर्जल’ या शब्दावर विसंबून न राहता पाण्याचे प्रमाण मोजून पाहणे इष्ट असते, हा धडा त्यातून मिळाला.

उपयोग : लवण कोरडे हवे की सजल चालेल, यावरून त्याच्या उपयोगांचे स्थूलमानाने दोन गट पडतात.

(१) धातुनिर्मिती : मिश्मेटल तयार करण्यासाठी शक्य तितके कोरडे मिश्र क्लोराइड सोडियम, पोटॅशियम किंवा कॅल्शियम यांच्या क्लोराइडांसह वितळवितात व त्यातून विद्युत् प्रवाह सोडतात. कार्बनाच्या धनाग्रावर क्लोरीन मुक्त होतो आणि वितळलेली धातू तळाशी जमते. क्लोराइडात पाणी राहिल्यास ऑक्सिक्लोराइडाचा गाळ साचतो, धातूचे उत्पन्न घटते व विजेचा अपव्यय होतो. क्लोरीन वायूची विल्हेवाट लावणे हाही प्रश्न असतो. या कारणांमुळे वितळलेल्या फ्ल्युओराइडात ऑक्साइड विरघळवून विद्युत् विच्छेदन करण्याच्या पद्धतीचा प्रसार झाला. मिश्मेटलचा उपयोग लायटरच्या खड्यांखेरीज पोलादातील गंधक बांधून टाकण्यासाठी आणि निकेल-हायड्राइड विद्युत् घटमालांतील मिश्रधातूंसाठी होतो.

(२) खनिज तेल शुद्धीकरण : जड तेलातील मोठे रेणू तोडून पेट्रोल मिळविण्याच्या क्रियेस भंजन म्हणतात. १९६० नंतरच्या दशकात या क्रियेसाठी झिओलाइट प्रकारचे उत्प्रेरक प्रचारात आले. अमेरिकेत सी. जे. प्लँक व ई. जे. रोझिन्स्की यांनी झिओलाइटातील सोडियम आयनांच्या जागी विरल मृत्तिकांचे आयन बसविले. त्यामुळे उत्प्रेरकाची क्रियाशीलता व जलबाष्पाच्या उष्ण झोतात टिकून राहण्याची क्षमता पुष्कळ वाढली. हा विनिमय विरल मृत्तिका क्लोराइडांच्या जलीय विद्रावातच करतात. येथे पाण्याची अडचण नसून गरजच असते. यात आता लँथॅनमाचे प्रमाण सामान्यतः जास्त ठेवतात.

(३) कार्बनी संश्लेषण : काही कीटोनांत कार्बन–ऑक्सिजन द्विबंधाला लागून कार्बन–कार्बन द्विबंध असतो. सोडियम बोरोहायड्राइडाने अशा संयुगाचे क्षपण केल्यास दोन्ही द्विबंधांवर आघात होऊन मिश्रण मिळते. १९७८ मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ झां-ल्वी ल्यूश यांना असे आढळले, की मिथेनॉलात सजल सिरियम क्लोराइड मिसळून ही विक्रिया केली, तर जवळजवळ केवळ कार्बन–ऑक्सिजन बंधाचेच क्षपण होते. सायक्लोपेंटिनोनापासून नेहमीच्या रीतीने मुख्यतः संपृक्त अल्कोहॉल मिळते. सिरियम क्लोराइडाच्या सान्निध्यात मात्र ९७ टक्के असंपृक्त अल्कोहॉल मिळाले. सिरियम आयनामुळे बोरोहायड्राइड व मिथेनॉल यांच्यातील विक्रियेला चालना मिळते व तीतून निर्माण होणारे क्षपणकारक द्रव्य कार्बन–ऑक्सिजन बंधावरच आघात करते, असे याचे स्पष्टीकरण देतात. विक्रिया सामान्य तापमानास काही मिनिटांत पूर्ण होते व तीसाठी हवा किंवा ओलावा टाळावा लागत नाही. नैसर्गिक पदार्थ व औषधी द्रव्ये यांच्या संश्लेषणात ‘ल्यूश क्षपण’ ही आता नित्याची पायरी झाली आहे.

याउलट, जपानी रसायनशास्त्रज्ञ त्सुनेओ इमामोतो यांनी १९८० नंतरच्या दशकात विकसित केलेल्या पद्धतीसाठी वाळविलेले लवणच लागते. ग्रीन्यार विक्रियाकारक व कार्बनी लिथियम संयुगे कीटोनांशी जोडताना पुष्कळदा अनिष्ट उपविक्रिया होतात, कारण ही द्रव्ये प्रबळ क्षारकही असतात. प्रथम त्यांची विक्रिया सिरियम क्लोराइडाशी करून कार्बनी सिरियम संयुगे बनविल्यास क्षारकता कमी होते, पण कीटोनाशी जोडले जाण्याची प्रवृत्ती कायम राहते. एकाच लवणाच्या सजल व कोरड्या रूपांना अशा प्रकारे दोन अगदी भिन्न कार्ये मिळाली आहेत. सिरियम लवणे तुलनेने स्वस्त व अल्पविषारी असल्यामुळे या दोन्ही पद्धतींचा प्रसार झपाट्याने झाला.

चीनमधील झिवेई झुओ यांच्या गटाने २०१८ मध्ये सिरियम लवणे व दृश्य प्रकाश यांच्या साहाय्याने मिथेनासारख्या अतिशय निष्क्रिय वायूला सामान्य तापमानास विक्रियाशील केल्याचे प्रसिद्ध केले. या विक्रियेत मिथेनावर प्रत्यक्ष आघात अल्कोहॉलापासून बनलेला मुक्त मूलक करतो की प्रकाशामुळे सिरियमापासून सुटलेला क्लोरीन अणू, याविषयी नंतर मतभेद झाले. पुढील संशोधनाने क्लोरिनाच्या सहभागाला पुष्टी दिली आहे.

(४) जलशुद्धी : सांडपाण्यातील फॉस्फेटामुळे तलावांत शेवाळ माजते व पाण्यातील ऑक्सिजन घटून मासे मरतात. सिरियम व लँथॅनम यांच्या क्लोराइडांचा विद्राव पाण्यात मिसळल्यास अत्यंत अविद्राव्य फॉस्फेटे तयार होऊन गाळात बसतात. तुरटी किंवा लोहाची लवणे यांच्यापेक्षा यात गाळ कमी होतो आणि फॉस्फेटाचे प्रमाण अधिक खाली आणता येते. मात्र खर्च जास्त येतो. मोनॅझाइट फोडताना ज्या फॉस्फेटापासून सिरियम मोठ्या प्रयासाने सोडवावा लागतो, त्याच फॉस्फेटाशी त्याची ओढ येथे उपयोगी पडते.

(५) इतर उपयोग : विमानांसाठी वापरल्या जाणाऱ्या ॲल्युमिनियमाच्या मिश्रधातूंना गंजण्यापासून वाचविण्यासाठी पूर्वी क्रोमेटे सर्रास वापरीत, परंतु ती कर्करोगकारक आहेत. ऑस्ट्रेलियात बी. आर्. डब्ल्यू. हिंटन व सहकाऱ्यांनी १९८० नंतरच्या दशकात दाखवून दिले, की पाण्यात अल्प प्रमाणात असलेले सिरियम क्लोराइड हे गंजणे मंदावते. गंजण्याच्या क्रियेत धातूच्या पृष्ठावर जेथे क्षारता वाढते, नेमके तेथेच सिरियमाचे हायड्रॉक्साइड व ऑक्साइड यांचा थर बसतो व पुढील क्रियेला अटकाव होतो. लँथॅनम क्लोराइड व लँथॅनम ब्रोमाइड यांच्या स्फटिकांत सिरियमाचा अल्प अंश मिसळल्यास गॅमा किरण पडताच त्यांतून क्षणिक प्रकाश बाहेर पडतो. किरणोत्सर्ग मोजणाऱ्या उपकरणांत असे स्फटिक २००० नंतर वापरात आले. ते वाढविण्यासाठी अतिशुद्ध व पूर्णतः निर्जल हॅलाइडे लागतात. काचेला झिलई देणारे आणि मोटारगाड्यांच्या धुरातील विषारी वायू निरुपद्रवी करणाऱ्या उत्प्रेरकांत वापरले जाणारे सिरियम ऑक्साइडही पुष्कळदा क्लोराइडाच्या विद्रावापासूनच बनवितात.

भारतातील उद्योग : त्रावणकोरच्या किनाऱ्यावरील मोनॅझाइटाचा शोध १९०९ मध्ये शोंबर्ग या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी लावला. पुढील काही दशके हे खनिज वायुदीपांच्या जाळ्यांसाठी कच्च्या स्वरूपात परदेशी जात असे. थोरियमाचे अणुऊर्जेच्या दृष्टीने असलेले महत्त्व ध्यानात आल्यावर दुसऱ्या महायुद्धानंतर त्याच्या निर्यातीवर बंधने आली. ऑगस्ट १९५० मध्ये इंडियन रेअर अर्थ्‌स लि. ही कंपनी स्थापन झाली व केरळातील आलुवा (तेव्हाचे आलवाये) येथील तिचा कारखाना १९५२ मध्ये सुरू झाला. तेथे अलग केलेला थोरियम हायड्रॉक्साइडाचा लगदा पुढील प्रक्रियेसाठी मुंबईजवळ तुर्भे येथे १९५५ मध्ये सुरू झालेल्या संयंत्राकडे जाई, तर मिश्र विरल मृत्तिका क्लोराइड निर्यात होई. कच्चे खनिज पाठविण्याच्या तुलनेत ही निश्चितच पुढची पायरी होती. तथापि क्लोराइडापासून वेगवेगळ्या धातू, चुंबक व उत्प्रेरक बनविण्याचे अधिक मोलाचे काम मुख्यतः परदेशांतच होत राहिले.

चीनमधील स्वस्त उत्पादनाशी स्पर्धा करणे कठीण होऊन आलुवा येथील मोनॅझाइटावरील प्रक्रिया २००४ मध्ये थांबली. पुढे ओडिशातील छत्रपूर येथे नवे संयंत्र उभारण्यात आले. मिश्र क्लोराइड निर्मितीची त्याची वार्षिक क्षमता ११,२०० टन आहे. तेथील क्लोराइड अलगीकरणासाठी आलुवा येथे पाठवितात. कंपनीचे नाव आता आयआरईएल (इंडिया) लि. असे असून तिचे मुख्य कार्यालय मुंबईत आहे. देशातील मोनॅझाइटाचा साठा सुमारे १.३ कोटी टन असल्याचा शासकीय अंदाज आहे.

या उद्योगापुढील एक मूलभूत अडचण रसायनशास्त्राइतकीच अर्थशास्त्राची आहे. प्रबळ चुंबकांसाठी निओडिमियम व प्रासिओडिमियम यांना मोठी मागणी आहे. परंतु खनिजात त्यांच्या जवळजवळ दुप्पट सिरियम असतो. निओडिमियम काढताना त्याहून बराच अधिक सिरियम आपोआप बाहेर पडतो व त्याला तितका भाव मिळत नाही. सिरियम क्लोराइडाचे नवे उपयोग शोधण्यामागे केवळ शास्त्रीय कुतूहल नसून ही गरजही आहे. शंभर वर्षांपूर्वी थोरियमामागे उरणारा हा पदार्थ आज निओडिमियमामागे उरतो, एवढाच फरक झाला आहे. [→ विरल मृत्तिका].

हाताळणी व जैव परिणाम : सिरियम क्लोराइड तीव्र विषारी नाही, परंतु त्यामुळे डोळ्यांचा व त्वचेचा दाह होतो आणि निर्जल लवणाची धूळ विशेष त्रासदायक असते. निर्जल लवण घट्ट बंद पात्रात, कोरड्या वायूखाली ठेवतात. केरळात एके काळी बऱ्याच प्रमाणात आढळणाऱ्या, हृदयाचे आतील अस्तर जाड करणाऱ्या एका रोगाचा संबंध मॅग्नेशियमाची न्यूनता व मातीतून शरीरात जाणारा सिरियम यांच्याशी असावा, असे गृहीतक तिरुवनंतपुरम येथील एम्. एस्. वलियाथन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० नंतरच्या दशकात मांडले. त्याच्या पडताळणीसाठी प्राण्यांना सिरियम क्लोराइड देऊन प्रयोग करण्यात आले. या रोगाचे प्रमाण नंतर पुष्कळ घटले असून त्याची कारणमीमांसा निर्विवादपणे सिद्ध झालेली नाही.